टायटल प्लगइनमध्ये मराठी जोडाक्षरं दर वेळी नव्याने का बिघडतात

फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या जत्रेचा व्हिडिओ मी केला होता. शेवटच्या आभारांसाठी देवस्थानच्या चिटणिसांनी व्हॉट्सॲपवर यादी पाठवली, ती मी जशीच्या तशी टायटल प्लगइनमध्ये, म्हणजे पडद्यावरची अक्षरं बनवायला संपादनाच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या पूरक प्रोग्रॅममध्ये टाकली. त्यात एक ओळ होती: ‘महाप्रसादाच्या आचाऱ्यांचे विशेष आभार’. पडद्यावर आलं ते ‘महाप्रसादाच्या आचार्यांचे विशेष आभार’. पहाटे चारपासून चुलीपुढे घाम गाळणारी माणसं एका रफाराने विद्वान झाली. देवळातले वयस्क पुरोहित व्हिडिओ बघून हसले, म्हणाले, “आमचेच आभार मानले की काय? मग मध्ये महाप्रसाद कुठून आला?” आचारी मात्र हसले नाहीत. आपल्याला वगळलं असंच त्यांना वाटलं.

व्हिडिओ देण्याआधी मी तो दोनदा तपासला होता. कुठे चौकोन नव्हता, कुठे हलंताचा पाय लोंबत नव्हता, वेलांटी जागेवर होती. अक्षर तुटलं असतं तर लगेच दिसलं असतं. हे तुटलं नव्हतं, बदललं होतं.

मुंज, लग्न, जत्रा, नाट्यस्पर्धा, चवथीतल्या माटोळ्या (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची आरास) असं जे मिळेल ते मी संपादित करतो. गोव्यात एकाच व्हिडिओत मराठी देवनागरीत, कोंकणी देवनागरीत आणि कोंकणी रोमीत (रोमन लिपीत) अशी तीन तऱ्हांची अक्षरं सहज येतात, त्यामुळे प्लगइनची कसोटी इथे लवकर लागते. आणि ‘जोडाक्षरं तुटतात’ या एका तक्रारीखाली निदान चार वेगळे बिघाड लपलेले असतात, हे मला फार उशिरा कळलं. गेल्या वेळचा उपाय या वेळी चालत नाही, कारण या वेळचा आजारच दुसरा असतो. म्हणून आधी उपाय शोधू नका. अक्षर नेमकं कसं बिघडलंय ते बघा.

पहिली पायरी अगदी साधी. बिघडलेला मजकूर उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे तो नीट दिसला तर मजकूर ठीक आहे, आणि दोष फॉन्टचा किंवा प्लगइनचा. मग त्याच सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या टेक्स्ट टूलमध्ये तोच मजकूर, तोच फॉन्ट लावून बघा. तिथेही नीट आला तर प्लगइनच दोषी. तिथेही बिघडला तर फॉन्ट बदलून निर्मला यूआय घ्या, मॅकवर कोहिनूर देवनागरी. हे दोन्ही यंत्रासोबतच येतात आणि यांत जोडाक्षरं आहेत याची खात्री असते. दहा मिनिटांचं काम आहे. मी एकेकाळी याच्याऐवजी सगळं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायचो, त्यात रात्र जायची.

‘श्री’चं ‘श्‌री’ होतंय, वेलांटी चुकीच्या बाजूला पडतेय

हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांना माहीत असलेला प्रकार. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, क आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर. तिला उचलून क च्या डावीकडे नेणं, श आणि र यांच्यामधला हलंत बघून दोघांचं ‘श्र’ करणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, हे काम फॉन्ट एकटा करत नाही. फॉन्टमध्ये नियम असतात, ते वाचून अंमलात आणणारी एक वेगळी यंत्रणा लागते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ते काम हार्फबझ करतं. हे नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडा, ‘ओपनटाईप’ या फॉन्टच्या प्रकाराच्या नावाचंच भाषांतर. फ्रीटाईप नावाची दुसरी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार संच) आहे, ती फक्त अक्षराच्या आकाराचं चित्र काढून देते, जोडाजोडी करत नाही. ज्या प्लगइनमध्ये नुसतं फ्रीटाईप आहे आणि हार्फबझ किंवा तशी दुसरी यंत्रणा नाही, तिथे इंग्रजी छान दिसणार आणि आपली ‘श्री’ पायात हलंत घालून फिरणार.

आता यातली मेख. कुणालाही विचारलं की पहिला सल्ला मिळतो तो ‘टेक्स्ट इंजिन बदला’, म्हणजे हीच जोडाजोडीची यंत्रणा बदला. प्रीमिअर प्रो आणि आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरांच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसमध्ये ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ नावाचा पर्याय असतो, तो निवडायचा. सल्ला बरोबर आहे, पण तो त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या टेक्स्टसाठी. टायटल प्लगइन बहुतेक वेळा अक्षरं स्वतःच रंगवतं आणि तयार चित्र सॉफ्टवेअरच्या हातात देतं. मालकाच्या घरात कितीही चांगलं इंजिन असू दे, भाडेकरू आपल्या स्टोव्हवरच जेवण करतो. इंजिन बदलून प्लगइनच्या अक्षरात ढिम्म फरक पडला नाही तर समजून जा, आणि तिथे आणखी वेळ घालवू नका.

इंजिन बदलल्यावर आणखी एक गोष्ट माझ्याकडे झाली. आधी लिहिलेली टायटलं तशीच तुटकी राहिली, नवीन लिहिली ती नीट आली. तेव्हा बदल करून, सॉफ्टवेअर बंद-चालू करून, एक कोरं टायटल टाकून बघा. जुन्यावर तपासलंत तर उपाय लागू पडूनही पडला नाही असं वाटेल.

प्लगइन विकत घेण्याआधी त्याच्या फोल्डरमध्ये परवान्यांची फाईल असते ती उघडून बघायची मला सवय लागली आहे. वापरलेल्या मुक्त लायब्रऱ्यांची नावं बहुतेकदा तिथे असतात. हार्फबझ किंवा त्याच्याच जोरावर चालणारं पँगो दिसलं तर आशा आहे. फक्त फ्रीटाईप दिसलं तर चाचणी आवृत्तीवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. केडेनलाइव्हसारख्या फुकट सॉफ्टवेअरचं आतलं टायटलर दिसायला साधं आहे, ॲनिमेशनं बेताची, पण ते क्यूटी नावाच्या तयार सांगाड्यावर उभं आहे आणि क्यूटीच्या पोटात हार्फबझ आहे, त्यामुळे जोडाक्षरं निमूट नीट येतात. पाच हजारांच्या चकचकीत प्लगइनला जे जमत नाही ते फुकटातल्याला जमलेलं बघून मी एकदा बराच वेळ खुर्चीत नुसता बसून होतो.

एक सावधगिरीची सूचना. हलंत दिसला की लगेच बिघाड समजू नका. ‘विठ्ठल’मधला ठ्ठ काही फॉन्ट एकाखाली एक रचतात, काही ठ ला पाय मोडून शेजारी दुसरा ठ ठेवतात. ‘उद्घाटन’चंही तेच. तो फॉन्ट करणाऱ्याचा निर्णय असतो. म्हणून मी तपासायला ‘श्री’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ आणि रफार हेच घेतो. हे फुटले तर यंत्रणाच नाही. हे नीट आणि फक्त ठ्ठ वेगळा दिसला तर फॉन्ट बदला, प्लगइनला शिव्या देऊ नका.

सगळं नीट दिसतंय, पण शब्द वेगळाच आहे

हा आचाऱ्यांचा प्रकार. मराठीत र दोन तऱ्हांनी पुढच्या अक्षराला जोडला जातो. ‘आचार्य’मध्ये रफार, ‘आचाऱ्या’मध्ये ती आडवी भुवईसारखी रेघ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हिंदीला हा भेद लागत नाही, त्यामुळे हिंदीवर तपासून ‘भारतीय भाषा चालतात’ असं लिहिणाऱ्या प्लगइनवाल्यांना तो माहीतच नसतो.

ही भुवई संगणकात दोन वाटांनी लिहिता येते. एक वाट: ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोड क्रमांक ०९३१, त्याला हलंत आणि पुढे य. दुसरी वाट: साधा र, हलंत, मग एक न दिसणारं चिन्ह ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, मग य. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. माझ्या प्लगइनने चिकटवलेल्या मजकुरातली न दिसणारी चिन्हं ‘साफ’ करून टाकली. जॉइनर गेला, मागे उरले र, हलंत, य. त्यांचा नियमाप्रमाणे रफार झाला. यंत्रणेने आपलं काम चोख केलं, म्हणूनच काही तुटलं नाही. चिटणिसांच्या फोनचा कीबोर्ड दुसऱ्या वाटेने लिहीत होता आणि माझा पहिल्या. म्हणून माझ्या हाताने लिहिलेल्या टायटलांत हा घोळ आधी कधीच झाला नव्हता, आणि झाला तेव्हा कुठून आला ते कळेना.

काही प्लगइन उलटं करतात. जॉइनर ठेवतात पण त्याचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून त्या जागी एक रिकामा चौकोन काढतात. हे त्यातल्या त्यात बरं, निदान दिसतं तरी.

उपाय म्हणजे मजकूर प्लगइनमध्ये जाण्याआधी सगळीकडे ऱ ची पहिली वाट करून घेणं. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो. फोनच्या मराठी कीबोर्डांवर तो बहुधा र दाबून धरल्यावर मिळतो. कुठली वाट वापरली आहे ते बघायचं असेल तर लिब्रऑफिस रायटरमध्ये मजकूर चिकटवा, ‘ऱ्या’च्या पुढे कर्सर नेऊन बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. काना आणि य गेल्यावर पुढच्या एका बॅकस्पेसने भुवईच्या जागी हलंत लावलेला पूर्ण र दिसला, तर तिथे जॉइनर होता.

‘शोधा आणि सगळे बदला’ मात्र चुकूनही वापरू नका. शोधताना जॉइनर मोजत नाही असा एखादा एडिटर भेटला तर यादीतल्या प्रत्येक रफाराची भुवई होईल. मग ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ सगळेच गेले. एकेक बघून बदला. शंभर नावांच्या यादीत भुवई असलेले शब्द फार तर दहा-बारा सापडतात: पायऱ्या, किनाऱ्यावर, कर्मचाऱ्यांचे, पुजाऱ्यांचे, सहकाऱ्यांचे. आभारांच्या यादीत शेवटचे तीन हमखास.

चौकोन येतोय, तोही फक्त ‘ॲड.’मध्ये

उद्घाटनाला वकील नसेल असा कार्यक्रम माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे हा चौकोन मला महिन्यातून एकदा तरी भेटतो. ॲ हे एकसंध अक्षर, क्रमांक ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी तयार झालेल्या फॉन्टांत त्याची जागाच नाही. अशा वेळी अ आणि त्यावर वेगळी अर्धचंद्राची खूण असं दोन तुकड्यांत लिहून बघा. खरा उपाय नवा फॉन्ट. ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट मी सर्रास वापरतो. फुकट आहे, सात वजनांत (जाडीच्या प्रकारांत) मिळतो आणि प्रत्येक वजनाची फाईल वेगळी आहे. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण हल्ली बरेच फॉन्ट एकाच ‘व्हेरिएबल’ फाईलमध्ये सगळी वजनं घालून येतात आणि जुन्या प्लगइनांना त्यातलं एकच वजन दिसतं. जाड निवडलं तरी बारीकच येतं. असा फॉन्ट उतरवला असेल तर झिपमध्ये ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर आहे का बघा, त्यातल्या फाइली टाका.

दुकानात चाललं, घरी उघडलं तर रोमन अक्षरांची खिचडी

इथे मजकूर युनिकोडचा नाहीच. छापखान्यांत आणि जुन्या स्टुडिओंत अजूनही श्रीलिपी, कृतिदेव या घराण्यातले जुने फॉन्ट आहेत. त्यांत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळतो. गंमत अशी की ज्या प्लगइनला मराठी अजिबात येत नाही त्यातही हे फॉन्ट सुरेख दिसतात, कारण जोडाजोडी आधीच तयार तुकड्यांनी केलेली असते. म्हणून अनेक जण अजून त्यांना चिकटून आहेत, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण प्रोजेक्ट दुसऱ्याकडे जाणार असेल किंवा पुढच्या वर्षी पुन्हा उघडायचा असेल तर हे कर्ज आहे. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्याकडून मजकूर आला की तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, बदलल्यावर पुन्हा वाचा. भुवई आणि रफार यांची अदलाबदल इथेही होते.

फॉन्ट टाकला, बाकी सगळीकडे दिसतो, प्लगइनच्या यादीत नाही

यावर माझी अख्खी चतुर्थीची पूर्वसंध्या गेली. पाहुणे माटोळी बांधत होते आणि मी फॉन्ट काढून पुन्हा टाकत होतो.

विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्टवर नुसतं ‘इन्स्टॉल’ केलं तर तो फक्त तुमच्या खात्यापुरता टाकला जातो. फाईल जाते तुमच्या वापरकर्ता फोल्डरच्या पोटात खोलवर. बरीच प्लगइनं मात्र फॉन्ट शोधतात ते विंडोजच्या मुख्य फॉन्ट्स फोल्डरमध्ये. वर्डला दिसतो, फोटोशॉपला दिसतो, प्लगइनला नाही. किंवा आणखी छळणारं म्हणजे, संपादन करताना दिसतो आणि एक्स्पोर्टच्या वेळी दुसराच फॉन्ट लागतो, कारण रेंडर करणारा, म्हणजे शेवटचा व्हिडिओ बनवणारा भाग वेगळ्या खात्यावर चालतो.

फॉन्ट काढून टाका. फाईलवर उजवं बटण दाबा, ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’ निवडा. विंडोज ११ मध्ये ते ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत दडलेलं असू शकतं. मग सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून उघडा. एवढंच.

ॲनिमेशन लावलं की बिघडतं

टायटल स्थिर असताना नीट आणि एकेक अक्षर टपकायला लागलं की विचित्र, अशी तक्रार असेल तर प्लगइन ‘अक्षर’ कशाला म्हणतं ते बघा. टाईपरायटर इफेक्ट बहुतेकदा साठवलेल्या खुणा एकेक करून दाखवतो. ‘क्षत्रिय’ लिहिताना आधी क, मग त्याला हलंत, मग एकदम क्ष. प्रेक्षकाला अक्षर अंगात आल्यासारखं दिसतं. याचा दोष सगळा प्लगइनवाल्यांचा नाही. अक्षराचे तुकडे कुठे पाडावेत हे सांगणाऱ्या युनिकोडच्या नियमांनीच बराच काळ ‘क्ष’चे क् आणि ष असे दोन तुकडे धरले होते. देवनागरी जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम १५.१ या आवृत्तीत आला, २०२३ साली. प्लगइनांपर्यंत तो पोचायला वेळ लागणारच. तोवर अक्षराऐवजी शब्द हे एकक निवडा. शब्दाशब्दाने येणारं टायटल मराठीला शोभतंही.

अक्षरांमधलं अंतर, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात, ते शून्य ठेवा. इंग्रजी टेम्पलेटांत ते हमखास वाढवलेलं असतं, कारण रोमन मोठी अक्षरं विरळ ठेवली की रुबाबदार दिसतात. आपल्याकडे शिरोरेखा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. बाह्यरेषा लावल्यावर दोन अक्षरांच्या सांध्यावर उभी चीर दिसते तीही याच शिरोरेखेमुळे. अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात आणि प्रत्येकाची बाह्यरेषा वेगळी काढली जाते. आफ्टर इफेक्ट्समध्ये सगळे रंग सगळ्या रेषांच्या वर आणण्याचा पर्याय आहे, तो लावला की चीर झाकली जाते. तसा पर्याय नसेल तर त्याच टायटलची प्रत काढा. खालच्या प्रतीला बाह्यरेषा, वरच्या प्रतीला नुसता रंग.

‘मूर्तींच्या’ किंवा कोंकणीतल्या ‘आमचें गोंय’सारख्या शब्दांवरचे अनुस्वार वरून कापले जात असतील तर प्लगइनची चौकट इंग्रजी उंचीवर आखलेली आहे. वर एक रिकामी ओळ टाकून सगळं टायटल खाली ओढा. ओबडधोबड उपाय आहे, पण चालतो. मात्रा आणि अनुस्वार एकमेकांवर बसून ठिपका दिसेनासा झाला तर ते वेगळं: प्लगइन जोडाक्षरं करतं पण खुणा जागेवर बसवण्याचे नियम पाळत नाही. कोंकणीत मात्रेवर अनुस्वार पावलोपावली लागतो, म्हणून हा दोष मराठीपेक्षा तिथे आधी उघडा पडतो.

काहीच जमलं नाही तर चित्र

शेवटचा हुकमी उपाय, आणि खरं सांगायचं तर लांबलचक श्रेयनामावलीसाठी माझा पहिला. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टायटल लिहा, तिथे मराठी बिनचूक येते. पारदर्शक पार्श्वभूमीसह पीएनजी काढा आणि प्लगइनला अक्षरांऐवजी ते चित्र हलवायला द्या. अक्षरांभोवती काळी किनार आली तर आयात करताना अल्फाचा (पारदर्शकतेचा) प्रकार ‘स्ट्रेट’ निवडा. पीएनजीची पारदर्शकता त्याच पद्धतीची असते आणि काही सॉफ्टवेअर तिला ‘प्रीमल्टिप्लाइड’ (रंगात आधीच मिसळलेली) समजून बसतात. चित्रावर झूम करणार असाल तर ते दुप्पट आकाराचं काढा.

खालून वर सरकणाऱ्या यादीत एक खास देवनागरी त्रास आहे. शिरोरेखा ही पातळ आडवी रेघ. चित्र प्रत्येक फ्रेमला साडेतीन पिक्सेल सरकलं तर ती रेघ एका फ्रेमला दोन ओळींच्या मध्ये पडते, पुढच्या फ्रेमला नेमकी ओळीवर, आणि सगळी यादी थरथरते. म्हणून सरकण्याचा वेग पूर्ण पिक्सेलांत ठेवा. माझं गणित असं: २५ फ्रेमच्या व्हिडिओत दर फ्रेमला ४ पिक्सेल, म्हणजे सेकंदाला १००. पडद्याची उंची १०८०, म्हणजे एक नाव खालून वर जायला साधारण ११ सेकंद. यादीचं चित्र ८००० पिक्सेल उंच असेल तर ते पूर्ण येऊन पूर्ण जायला ८००० अधिक १०८०, भागिले ४, म्हणजे २२७० फ्रेम. दीड मिनिटाच्या किंचित वर. क्लिपची लांबी अंदाजाने ओढू नका, बरोबर २२७० फ्रेम ठेवा. ग्राहकाला यादी लवकर संपवायची असेल तर ५ पिक्सेल करा, साडेचार नको. आणि यादी फारच उंच असेल तर तुकडे करा, १६,३८४ पिक्सेलपेक्षा उंच चित्र पुष्कळशा ग्राफिक्स कार्डांना पेलत नाही.

चित्राचा तोटा उघड आहे. मध्यरात्री फोन येतो, “अमक्यांचं नाव राहिलं,” की पुन्हा इंकस्केप. म्हणून मूळ फाईल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

दुरुस्त केलेलं पुन्हा का बिघडतं

टेम्पलेटमुळे. एकदा इंग्रजी इंजिनावर बनवलेलं, ट्रॅकिंग वाढवलेलं टेम्पलेट तुम्ही दर कार्यक्रमाला उघडता आणि जुना आजार सोबत येतो. दुसरं कारण अपडेट. माझ्याकडे दोनदा अपडेटनंतर प्रेफरन्सेस पुन्हा मूळ जागी गेले. तिसरं म्हणजे मजकूर दर वेळी वेगळ्या माणसाच्या वेगळ्या फोनवरून येतो.

म्हणून मी एक चाचणी ओळ फाईलमध्ये ठेवली आहे. अर्थ बघू नका: ‘पौर्णिमेच्या रात्रीं विठ्ठलापूरच्या पायऱ्यांवर श्री ज्ञानेश्वर, क्षत्रिय, मूर्तींचे उद्घाटक ॲड. त्र्यंबक’. विठ्ठलापूर म्हणजे गोव्यातल्या साखळी गावचं, त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत नौका सोडतात ते. तिथल्या व्हिडिओच्या वेळीच ही ओळ जुळवली. नवं प्लगइन, नवं अपडेट, नवा फॉन्ट, काहीही आलं की आधी ही ओळ टाकायची आणि तीन सेकंदांचा एक्स्पोर्ट काढून तो बघायचा. नुसत्या प्रीव्ह्यूवर विसंबायचं नाही. ‘पायऱ्यांवर’ मी एकदा हाताने लिहितो आणि एकदा फोनवरून पाठवून चिकटवतो, दोन्ही वाटा तपासल्या जातात.

प्लगइनवाल्यांना कळवायचं असेल तर ‘मराठी चालत नाही’ असं लिहू नका, त्यातून त्यांना काही बोध होत नाही. मजकूर फाईलमध्ये द्या, स्क्रीनशॉटमधून न दिसणारी चिन्हं जात नाहीत. नोटपॅडमध्ये कसं दिसतं आणि प्लगइनमध्ये कसं, अशी दोन चित्रं शेजारी ठेवा. फॉन्टचं नाव आणि आवृत्ती लिहा. मी जत्रेच्या व्हिडिओनंतर असंच लिहिलं. उलट उत्तर आलं की आम्हाला दोन्ही चित्रं सारखीच वाटतात, फरक कुठे आहे? मग त्या एका रेघेभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं: डावीकडचा शिकवतो, उजवीकडचा स्वयंपाक करतो. दोन अपडेटांनंतर जॉइनर साफ होणं थांबलं. टाईपरायटर इफेक्टमधला ‘क्ष’ अजून तसाच आहे.